टोमॅटोमागून आलेला

पिंपळे गुरवात टोमॅटोच्या हातगाडीशी भाव विचारणारे पुष्कळ, देठापाशी निरखणारा एखादाच. तिथे टाचणी टोचल्यासारखं बारीक भोक दिसलं, तर ते काम बहुधा टुटाचं. घाटेअळीचं भोक चांगलं मोठं, गोल असतं.

टुटा ॲब्सोल्युटा हा पतंग जेमतेम सहा-सात मिलिमीटरचा. रंग रुपेरी-करडा, पंखांवर काळे ठिपके, मिशा लांब. दिवसा पानाआड दडतो. त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर तेवढा खाते आणि पापुद्रे शाबूत ठेवते. असं पान उजेडाकडे धरलं की आत वळवळणारी अळी आणि तिची काळी विष्ठा स्पष्ट दिसते. फवारा वरून ओघळून जातो; ती आत सुखरूप.

1917 साली एडवर्ड मेरिक या इंग्रज शाळामास्तरांनी पेरूमधल्या नमुन्यावरून या पतंगाचं वर्णन केलं. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं तो दक्षिण अमेरिकेतच होता. 2006 मध्ये स्पेनमध्ये सापडला आणि ऑक्टोबर 2014 मध्ये थेट पुण्यात! एवढ्याशा पंखांनी समुद्र ओलांडला जात नाही. फळं, रोपं, क्रेट यांनी त्याला आणलं. त्याचा आढळ दाखवणारा नकाशा म्हणजे खरं तर आपल्या खरेदी-विक्रीचा नकाशा आहे. त्याच्या भावकीतली बटाट्यावरची पाकोळी 1906 मध्ये इटलीच्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात उतरली होती. आज तिला परकी म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. (गॅलरीतल्या दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या इतर बारीक पतंगांची तर आपण चौकशीही करत नाही, नुकसान केल्याशिवाय कुणाचा पत्ता विचारायचा नाही, हा आपला रिवाज.)

टुटाला परका म्हणताना टोमॅटोही त्याच मुलखातला, हे आपण सोयीनं विसरतो. सार, कोशिंबीर, भाजीचा रस्सा यांत तो कधीच घरचा झाला. पीक आलं, मागोमाग ते खाणारा आला. त्या खाणाऱ्याला खाणारे मात्र बहुतेक मागेच राहिले. त्याच्या इथल्या माजण्याचं हे एक मोठं कारण. नुसत्या औषधानं ही उणीव भरेल, असं मला वाटत नाही.

इथल्या काहींनी आता त्याची चव घेतली आहे. नेसिडिओकोरिस हा बारीक हिरवट ढेकूणवर्गी कीटक टुटाची अंडी खातो. भूक भागली नाही की टोमॅटोच्या कोवळ्या देठातूनही रस शोषतो, त्यामुळे त्याला पाळावं की मारावं, हा नवाच पेच.