पुढचं दिसत नसताना

1917 साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. वय पंचावन्नच्या घरात. या वयात माणूस हातातलं सांभाळतो, टिळकांनी ते सोडून दिलं. ख्रिस्ताला मानणारा कुणीही, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, या दरबारात बसू शकत होता. परदेशी मंडळाच्या आधारावाचून, भजन-कीर्तनाच्या वाटेनं ख्रिस्तभक्ती इथं रुजेल, अशी त्यांची खात्री होती, आणि देवानं आपल्याला नेमलंय ते याचसाठी, याबद्दलही शंका नव्हती. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले. दरबाराला त्यांचा हात जेमतेम दोन वर्षं लाभला, आणि त्यांच्या मनातली मोठी चळवळ काही उभी राहिली नाही. हाक खरी होती तर काम असं मध्येच का तुटलं? ‘देवाची योजना आपल्याला कुठं कळते’ हे त्यावरचं ठेवणीतलं उत्तर. ते यशालाही लागू पडतं आणि अपयशालाही, म्हणून त्यातून काहीच हाती लागत नाही. देवावर भरवसा टाकून घराबाहेर पडणं म्हणजे नेमकं काय, याचा अर्थ कृष्णेच्या या खोऱ्यात तीनशे वर्षांत बराच बदलत गेला आहे. टिळकांकडे बघायचं तर त्या ओळीत उभं करून बघावं लागतं.

सुरुवात अर्थातच रामदासांपासून. लग्नमंडपातून पळालेला मुलगा, टाकळीची बारा वर्षांची तपश्चर्या, मग भारतभ्रमण ही कथा सर्वांना पाठ आहे. पण विचाराच्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग त्यानंतरचा, ते कृष्णाकाठी येऊन स्थिरावले तो. 1648 च्या सुमारास चाफळला राममंदिर उभं राहिलं. मसूर, उंब्रज, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी, तिकडे सांगली जिल्ह्यात बहे आणि शिराळा, आणखी खाली मनपाडळे, पारगाव अशी अकरा मारुतींची साखळी तयार झाली. जागोजागी मठ निघाले, त्यांवर महंत नेमले गेले. सगळं रामाच्या इच्छेनं चालतं असं मानणाऱ्या माणसाला इतकी व्यवस्था कशाला लागावी? दासबोधात याचं उत्तर आहे. नशिबाला बोल लावत बसणाऱ्याची तिथं चांगलीच हजेरी घेतली आहे आणि प्रयत्नाला जवळजवळ देवाच्या पंगतीला बसवलं आहे. रामदासांच्या लेखी देवाची इच्छा काय हे कळलेलंच होतं. प्रश्न उरत होता तो फक्त ती पार पाडणाऱ्याच्या कसाचा. त्यांच्या श्रद्धेत धास्ती फारशी नाही, हिशेब मात्र पुष्कळ आहे.

एकोणिसाव्या शतकात माण तालुक्यातल्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (1845–1913) त्याच रामाचं नाव घेतात, पण सूर बदललेला आहे. राज्य गेलेलं, मुलूख अवर्षणाचा. इथं भर आहे तो जे होतं ते रामाच्या इच्छेनं होतं यावर, आणि नामावर. ही निष्क्रियतेची शिकवण आहे असा आक्षेप नेहमी घेतला जातो. महाराजांच्या चरित्रात मात्र दुष्काळाची हकीकत येते: लोकांना शेतात मातीकामाला लावायचं आणि त्यांच्या पोटाची सोय करायची. माती उपसून पाऊस पडणार नव्हता, हे काम देणाऱ्यालाही ठाऊक होतं. फळ रामावर सोडलेलं होतं, भाकरी नव्हे. मला हा टप्पा रामदासांच्या टप्प्यापेक्षा अवघड वाटतो, कारण इथं यश कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नाही.

त्याच सुमारास सांगली-मिरजेत एक तिसरी कल्पना येऊन पोचली. 1889 साली विल्यम वॉनलेस हा कॅनडाचा तरुण डॉक्टर प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या भागात आला, आणि 1894 साली मिरजेत त्याचं रुग्णालय उभं राहिलं. प्रॉटेस्टंट विचारात देव माणसाला एकेकट्याला हाक देतो, अमुक माणसाला अमुक कामासाठी. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरनं कुणापाशी पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालयं चालवली, त्याचं उदाहरण पंडिता रमाबाईंनी केडगावात गिरवलं. वॉनलेसच्या पाठीशी मात्र मंडळ होतं. टिळकांनी हाक घेतली ती या नव्या परंपरेतून, आणि चालण्याची रीत घेतली ती तुकोबांच्या वाटेवरून. म्हणूनच मिशनमध्ये त्यांचा जीव रमेना. हाक प्रत्येकाची स्वतंत्र असेल तर तिचं वेळापत्रक मंडळानं का ठरवावं?

यावर सर्वांत सणसणीत आक्षेप याच मातीतून निघाला. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर देव न मानता तसंच बाहेर पडले. मोठ्या पगाराची वाट सोडून शिक्षणाला वाहून घेतलं, ‘सुधारक’ काढला, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली आणि 1895 साली, टिळकांनी बाप्तिस्मा घेतला त्याच वर्षी, एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. मग भरवशाला देव लागतो कुठं? पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवणारे कर्मवीर भाऊराव पाटील जन्मानं जैन. सृष्टी चालवणारा ईश्वर त्या धर्मात नाहीच. धाडसाला देव लागतोच असं नाही, हे मान्य करून टाकावं. त्यानं श्रद्धेची बाजू पडत नाही, उलट तिच्यावरचं एक खोटं ओझं उतरतं. ज्याची श्रद्धा ‘देव आहे म्हणून यश येईल’ एवढ्यावर उभी आहे, त्याच्याकडे टिळकांच्या दरबाराला उत्तर नाही. आगरकर आणि टिळक यांच्यात समान होतं ते इतकंच की समोरचं काम आपलं आहे हे त्यांना दिसत होतं, शेवट दिसत नव्हता. हे काम सोपवणारा कुणीतरी आहे, असं टिळक मानत. सोपवलेल्या कामात आणि निवडलेल्या कामात फरक पडतो. सोपवलेलं काम आपल्या हयातीत पुरं झालंच पाहिजे असा हट्ट धरता येत नाही. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य टिळकांच्या हातून अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

पण लक्ष्मीबाईंचं नाव निघालं की दुसरा आक्षेप समोर येतो, आणि तो पहिल्याइतक्या सहजी मिटत नाही. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्यांना वर्षानुवर्षं वेगळं राहावं लागलं. ‘स्मृतिचित्रे’त ते सगळं हसत सांगितलंय, म्हणून ते हलकं होत नाही. भाऊरावांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नीचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा. हाक एकाला येते आणि किंमत दुसऱ्याच्या अंगावरून उतरते. रामदासांच्या कथेतही मंडपात एक मुलगी उभी होती, तिचं पुढे काय झालं हे कुठल्या कीर्तनात फारसं ऐकू येत नाही. उलट विटा, खानापूर, आटपाडीकडून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेलेली माणसं निघताना देवाचं नाव घेतात, पण जातात ती आधीच दुकान टाकून बसलेल्या मामा-चुलत्यांकडे, आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांचं काय, हे घरात बोलून ठरलेलं असतं. भरवसा कमी म्हणून ही चौकशी होत नाही. तिकडं दुकानात झोपायला जागा आहे का, हे विचारणारी आई देवाला नवसही बोललेली असते.