चिंता आणि प्रेम

पतीच्या प्रोस्टेट ग्रंथीचे तुकडे तपासणीस गेले आहेत, अहवाल यावयाचा आहे; अशा दिवसांत पत्नीने निश्चिंत राहणे म्हणजे माया आटणे होय काय? नांदेड-लातूरकडील कित्येक भगिनींच्या मनात हा प्रश्न येत असेल. आम्हांस तसे वाटत नाही.

अहवालास लागणारा विलंब हा अपशकुन नव्हे. सुईने काढलेले सुमारे १०-१२ बारीक तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, त्यांचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. रक्तातील पी.एस.ए. वाढले म्हणजे कर्करोगच, असेही नाही. वयपरत्वे ग्रंथी वाढल्याने वा जंतुसंसर्गानेही ते वाढते. तुकड्यांत जे आहे ते आमच्या जागरणाने तिळभर बदलत नाही.

प्रेमास मात्र आजच काम आहे. पतीस ताप वा थंडी भरली, लघवी अडली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. त्याच्या मनातील भय ऐकून घ्यावे, आपलेही लपवू नये. अहवालाच्या दिवशी सोबत कोण जाईल, हे ठरवावे. एवढे करून जी रात्री स्वस्थ निजते, तिची माया उणी असे कोण म्हणेल?