स्थलांतर आणि संबंधत्याग

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आचारविषयक निरूपणात स्वतःचा देश, स्वतःचे गाव आणि सर्वांत अधिक म्हणजे आप्तस्वकीय ह्यांच्याशी असलेला संबंध सोडण्याचा विधी आला आहे. भिक्षुकांच्या मेळाव्यात ह्या विधीचे विवरण शतकानुशतके होत आले आहे. परंतु अलीकडे तो वासनिक मंडळींच्या तोंडीही वारंवार येऊ लागला आहे, आणि तोही निराळ्याच प्रसंगी. शेती बटाईने लावून अथवा विकून, मुलाच्या नोकरीमागे बिऱ्हाड शहरात हलवावयाचे ठरले, की 'स्वग्राम सोडावे ही तर स्वामींचीच आज्ञा' असे म्हटले जाते. ज्याला जावयाचे नसते, तो ह्याच प्रकरणातील दुसऱ्या आज्ञेचा आधार घेतो. स्वामींनी महाराष्ट्रात राहावयास सांगितले, कानडदेशी व तेलंगदेशी जाण्याचा निषेध केला. मग बंगळूर-हैदराबादच्या नोकऱ्या अनुयायाने धराव्यातच का, असे तो विचारतो. एकाच आचारप्रकरणातून दोन परस्परविरुद्ध निर्णय निघू लागले, की दोष वचनाचा नसून विनियोगाचा आहे हे उघड होते. म्हणून ह्या प्रश्नाचा मुळातून विचार करणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रातील शंभरांपैकी सुमारे ४५ माणसे नागरी वस्तीत राहत असल्याचे दिसून आले होते. विचाराच्या सोयीसाठी रिद्धपूरच्या परिसरातील एखादे वासनिक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. थोडी संत्र्याची बाग आहे, विहिरीचे पाणी वर्षागणिक खोल चालले आहे. मुलाला बंगळुरास चांगले वेतन मिळते. नातवंडांच्या शिक्षणाची सोय तेथेच आहे. घरी सत्तरी ओलांडलेली माता आहे. प्रातःकाळी राजमठात जाऊन दंडवत घातल्याशिवाय तिने आयुष्यात अन्न घेतलेले नाही. मुलगा म्हणतो, 'आई, सर्वांनीच चलावे.' आई म्हणते, 'बाबा, ह्या वयात स्थान सोडून मी कोठे जाऊ?' ह्या दोघांत धर्म कोणाच्या बाजूस आहे?

पूर्वपक्ष

जावे असे म्हणणाऱ्याचा पक्ष दुर्बल नाही. कुटुंबाचा योगक्षेम चालविणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे. कर्जात बुडालेल्या घरात नामस्मरणालाही स्वस्थता लाभत नाही. गावात राहिल्याने धर्म आपोआप घडतो असेही नाही. स्थानापासून हाकेच्या अंतरावर राहून महिनोन्महिने तेथे न फिरकणारी घरे आहेत, आणि दूर शहरात राहून पहाटे पोथी उघडणारीही आहेत. शिवाय गाव म्हणजे केवळ सत्संग नव्हे. बांधाचे तंटे, भाऊबंदकीचे वैर, लग्नकार्यातील मानापमान ह्यांनी जीवाला जखडणारे बंध गावातच अधिक घट्ट असतात.

राहावे असे म्हणणाऱ्याचा पक्षही तितकाच विचारार्ह आहे. परमेश्वरसंबंधाने पुनीत झालेली स्थाने उचलून नेता येत नाहीत. वासनिकाला पूर्वापार ज्यांचा आधार, ते स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ह्यांचे सान्निध्य पिढ्यांच्या सहवासाने लाभलेले असते; एकदा सुटले की ते पुढच्या पिढीला पुन्हा जोडता येईल ह्याची शाश्वती नाही. शहरात विषयांची रेलचेल आणि वेळेची टंचाई असते. नातवंडांना पंचकृष्णांची नावेही सांगणारे कोणी राहणार नाही, ही भीती निराधार म्हणता येत नाही.

विधीचा अधिकारी कोण?

प्रथम अधिकारविचार करावयास हवा. संबंध टाकण्याचा विधी अनुसरण घेतलेल्यासाठी आहे. तो गाव सोडतो ते दुसऱ्या गावाचा रहिवासी होण्यासाठी नव्हे, तर कोणत्याच गावाचा न राहण्यासाठी. त्याला अपरिचित प्रांतात, भिक्षान्नावर, झाडाखाली आयुष्य घालवावयाचे आहे. वासनिक मात्र एक घर सोडून दुसरे घर करतो. बिऱ्हाडाच्या मालमोटारीत भांडीकुंडी चढतात, त्यांच्याबरोबर अहंता आणि ममताही चढतात. किंबहुना नव्या घराचे हप्ते सुरू झाले, की ममता दुणावते. म्हणून त्याच्या स्थलांतराला त्याग म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. ते स्थलांतर अयोग्यच आहे असा ह्याचा अर्थ नाही. ते व्यवहारातील कृत्य आहे आणि व्यवहारातील कृत्य म्हणूनच त्याची योग्यायोग्यता ठरली पाहिजे, एवढाच अर्थ आहे.

वृद्ध मातेला मागे ठेवताना जो ह्या विधीचा आधार घेतो, त्याने तर अधिक सावध राहावे. मातेचा संबंध टाकावा आणि वेतनाचा संबंध धरावा, असा विधी सूत्रपाठात कोठेही नाही. टाकावयाचे तर दोन्ही टाकावे लागतात. एक ठेवून दुसरा टाकणे म्हणजे आपली सोय पाहून तिला शास्त्राचे वस्त्र पांघरणे.

हाच न्याय विरुद्ध पक्षालाही लागू आहे. कानडदेश व तेलंगदेश ह्यांचा निषेधही भिक्षुकाला उद्देशून आहे, आणि त्याचे कारण विषयबाहुल्य हे सांगितले आहे. भिक्षुकाने आज्ञेचे अक्षर आणि कारण ही दोन्ही पाळावीत. कारण कळले म्हणून अक्षर सोडण्याची मुभा त्याला नाही. वासनिकाने मात्र त्या कारणाकडे लक्ष द्यावे. विषयबाहुल्य हेच कारण असेल, तर बंगळूर टाळून पुणे-मुंबई पत्करल्याने काय साधले? आज विषय सीमेवर थांबत नाहीत. ते गावातील ओसरीवर बसलेल्या मुलाच्या हातातील यंत्रातही आहेत. 'आम्ही महाराष्ट्र सोडला नाही' एवढ्यावर निश्चिंत होणाऱ्याला ते कारण निश्चिंत राहू देत नाही.

पंचकृष्णांच्या लीळा

स्थानबदल हाच धर्म अथवा स्थैर्य हाच धर्म, असे मानणाऱ्यांनी पंचकृष्णांच्या लीळांचे स्मरण करावे. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी जरासंधाच्या वारंवारच्या स्वाऱ्यांतून यादवांचे रक्षण व्हावे म्हणून मथुरा सोडून द्वारावती वसविली. तेथे एक कुटुंब नव्हे, अवघी नगरी हलली. श्रीदत्तात्रेयप्रभू एका जागी बद्धच नाहीत. श्रीचक्रपाणिप्रभू फलटणहून मातापुरास आणि तेथून द्वारावतीस गेले. श्रीगोविंदप्रभू काटसुऱ्याहून बालपणी रिद्धपुरास आणले गेले आणि मग आयुष्यभर तेथेच राहिले. श्रीचक्रधरस्वामी रामयात्रेच्या निमित्ताने भडोच सोडून रिद्धपुरास आले. पुढे साळबर्डीच्या डोंगरातील एकांत आणि नंतर पैठणासारखे त्या काळचे मोठे नगर, अशी दोन्ही स्थळे त्यांनी स्वीकारली.

अवताराची लीळा जीवाने अनुकरण करावी ह्यासाठी नसते. जीवाने आज्ञा पाळावयाची असते. म्हणून 'स्वामी निघाले, आम्हीही निघतो' असा युक्तिवाद करता येणार नाही. परंतु एवढे निश्चित कळते, की रिद्धपुरात स्थिर राहणारे श्रीप्रभू आणि तेथून निघून जाणारे स्वामी ह्यांच्या परमेश्वरत्वात उणेअधिक नाही. स्थळाला महत्त्व संबंधामुळे येते. मग जीवाच्या बाबतीतही पाहावयाचे ते हे, की ह्या जाण्याने अथवा राहण्याने त्याचा परमेश्वराशी असलेला संबंध दृढ होतो की विरळ होतो.

दृष्टांत

मोर्शी-वरूड भागातील माळी जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत अशी कलमे दाटीने वाढतात. कलम कायम तेथेच राहिले तर त्याला फळ धरण्याइतकी जागा मिळत नाही. म्हणून ते हलवावेच लागते. मात्र हलविताना जाणता माळी दोन गोष्टी सांभाळतो. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देत नाही, आणि नव्या खड्ड्यात लावताना डोळ्याचा जोड जमिनीच्या वर राखतो. जोड मातीत गाडला गेला आणि त्याला सतत ओल लागत राहिली, तर डिंक्या रोग होतो. वर पाने काही काळ हिरवी दिसतात, परंतु खाली साल कुजत असते.

दार्ष्टांतिक

खुंट म्हणजे गृहस्थाचा देह आणि त्याचा उदरनिर्वाह. त्याला माती लागतेच, मग ती गावची असो वा शहराची. डोळा म्हणजे गुरुमुखाने घेतलेला उपदेश. मुळांभोवतीचा गोळा म्हणजे नित्यविधी, पोथी, प्रसादवंदन आणि चार वासनिकांचा सहवास. नवी माती मानवेपर्यंत झाड ह्याच मातीवर जगते. विषय म्हणजे ओल. ओल मुळांना हवी असते, जोडाला नव्हे. उपदेश व्यवहाराच्या पातळीवर उतरला, सोय असेल तेव्हा स्मरण आणि सुट्टी असेल तेव्हा व्रत अशी स्थिती झाली, की घर वरून हिरवे दिसते. मुलांना चांगले गुण मिळतात, दारी गाडी येते. आणि एका पिढीनंतर घरात मार्गाचे नाव उरत नाही.

हा गोळा दूरवर नेता येतो ह्याचे प्रमाण मार्गाच्या इतिहासातच आहे. मार्ग पंजाबात, पुढे पेशावर आणि काबुलापर्यंत गेला. तेथील अनुयायांना 'जयकृष्णी' म्हणून ओळखले जाई. त्यांच्या भूमीत स्वामींची चरणांकित स्थाने नव्हती. त्यांसाठी त्यांना महाराष्ट्राची यात्रा करावी लागे. तरीही पिढ्यानुपिढ्या त्यांनी धर्म राखला. १९४७ च्या फाळणीत सीमेपलीकडील अनुयायांना घरेदारे सोडून यावे लागले. त्यांना विचार करण्याला अवकाशही मिळाला नाही. पण नव्या वस्त्यांतही त्यांनी श्रीकृष्णमंदिरे उभी केली. जे संकटात साधले, ते सुस्थितीत जाणाऱ्याला साधत नसेल, तर दोष शहराला देता येणार नाही.

मातेचा प्रश्न

आता मूळ कुटुंबाकडे वळावे. मुलाने प्रथम हे ओळखावे, की माता ही सामानातील वस्तू नव्हे. 'एकटी राहिलीस तर आमचा जीव टांगणीला लागेल' असे वारंवार म्हणून तिची संमती मिळविणे म्हणजे संमती नव्हे. अहिंसेला मार्गात जे स्थान आहे ते पाहता, वृद्धाचे मन मोडणे ही लहान हिंसा मानता येत नाही. ती राहणार असेल, तर तिच्या औषधपाण्याची, सोबतीची आणि वर्षातील ठराविक काळ स्वतः येऊन राहण्याची व्यवस्था मुलाने निघण्यापूर्वी करावी. 'जाऊन पाहू, मग ठरवू' असे म्हणू नये. तशी व्यवस्था होणारच नसेल, तर जाणे लांबणीवर टाकावे. वेतन पुढेही मिळू शकते. मातेची शेवटची वर्षे पुढे मिळत नाहीत.

मातेनेही स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपल्याला धरून ठेवणारे राजमठाचे स्थान आहे, की घराचा उंबरठा, गोठ्यातील गाय आणि शेजारणीचा शब्द आहे? स्थानासाठी राहणे श्रेयस्कर आहे. उंबरठ्यासाठी राहून त्याला स्थानाचे नाव देणे हाही मुलाच्या युक्तिवादासारखाच भ्रम आहे. आणि हे राहणे मुलाच्या मनावर आयुष्यभराचे ओझे ठेवून होत असेल, तर त्याचाही हिशेब तिने करावा. शास्त्र दोघांनाही आरसा दाखविते. एकाच्या हाती दुसऱ्याविरुद्ध शस्त्र देत नाही.

भिक्षुकांचे दायित्व

हा विचार वासनिकांवर सोपवून भिक्षुकांना मोकळे होता येणार नाही. गावे रिकामी होऊ लागली, तशी भिक्षुकांची पावलेही शहराकडे वळली आहेत. शहरातील वासनिकांना निरूपण हवे आहे आणि ते देणे योग्यच आहे. परंतु जेथे तीनच वृद्ध वासनिक उरले आहेत, दक्षिणेची आशा नाही आणि निरूपणाला श्रोतेही नाहीत, अशा गावात आज कोण जातो? वासनिकाने वेतनासाठी गाव सोडले तर तो गृहस्थ आहे, त्याला क्षमा आहे. भिक्षुकाने सोयीसाठी आडगाव टाळले, तर ज्या विधीने त्याला अटन सांगितले त्यालाच तो चुकला. राजमठात रोज एकटी येणारी ती माता मागे राहण्यास समर्थ व्हावी, हे पुष्कळ अंशी भिक्षुकांच्या हाती आहे.

वाट एकाच दिशेची आहे असेही समजू नये. म्हाइंभटांनी लीळा संकलित करण्यासाठी गावोगाव फिरून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून, शेवटी ग्रंथ सिद्ध केला तो रिद्धपुरातच. त्याच रिद्धपुरात २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि शिकण्यासाठी बाहेरची मुले ह्या गावाकडे येऊ लागली.

निर्णय

तात्पर्य, गृहस्थाचे स्थलांतर स्वरूपतः विहितही नाही आणि निषिद्धही नाही. निघण्यापूर्वी त्याने तीन गोष्टी स्वतःशी निश्चित कराव्यात. आपल्याला ओढणारी गरज आहे की हाव? स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ह्यांपैकी नव्या ठिकाणी काय लाभेल, आणि जे लाभणार नाही त्यासाठी वर्षातील कोणते दिवस राखून ठेवले आहेत? आणि मागे राहणाऱ्या जीवाचा भार कोणावर सोपविला आहे? ह्या तिन्हींची उत्तरे घरातील सर्वांसमोर उच्चारता येत असतील, तर त्याने निःशंक जावे. एखादे उत्तर केवळ मनातच ठेवावे असे वाटले, तर बिऱ्हाड बांधण्याची घाई करू नये. आपल्या गुरूंजवळ बसून ते आधी बोलून घ्यावे.

दंडवत प्रणाम.