नाव आणि मजकूर

सीमाभागातील आपल्या मराठी घरांत अभंग म्हटला जातो तो मुद्रेसकट. शेवटच्या चरणातले नामदेवांचे वा तुकोबांचे नाव गळाले, तर घरातील म्हातारी माणसे चटकन हटकतात. बसवकल्याणच्या शरणांची वचनेही अशीच. त्यांतील मुद्रेस कन्नडात ‘अंकित’ म्हणतात. ते बहुधा इष्टदेवतेचे नाव असते, पण त्यावरून वचनकार ओळखावा. ज्या काळी छापखाना नव्हता आणि पोथी उतरवून घेण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती, त्या काळी कर्त्याची ओळख सुटू नये अशी योजना रचनेतच केलेली होती. एकनाथांनी इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तीही याच जाणिवेने. उतरवून घेण्यास मुभा, भर घालण्यास मनाई, असा तो दंडक होता.

आजचा विद्यार्थी व संशोधक मात्र दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतो, आणि ती करण्यात आपण वडीलधारेही मागे नाही. परवानगी ही एक गोष्ट, श्रेय ही दुसरी. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने पहिलीचा विचार मुख्यत्वे केला आहे. लेखकाच्या हयातीत व त्याच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः प्रसिद्ध केलेले ग्रंथ २०१७ पासून सर्वांस खुले झाले. हक्क चालू असतानाही खासगी अभ्यास, संशोधन व समीक्षा यांसाठी रास्त वापराची सवलत कलम ५२ देते. किती पाने म्हणजे रास्त, याचा आकडा तेथे नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी बड्या प्रकाशकांनी दावा लावला होता. अभ्यासक्रमासाठी निवडक प्रकरणांच्या प्रतींचे संच तेथे विकले जात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या प्रती काढण्याची मुभा तत्त्वतः मान्य केली आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. आम्हांस हा निर्णय न्याय्य वाटतो. औराद किंवा आळंदच्या मुलाने हजारो रुपयांचा ग्रंथ विकत घेतल्यावाचून शिकूच नये, असे म्हणणारी नीती कोणाच्या कामाची? (सबंध पुस्तक झेरॉक्स करून बाजारात विकणाऱ्यास मात्र या युक्तिवादाचा आडोसा घेता यावयाचा नाही.)

पण प्रत काढणाऱ्याची सुटका झाली म्हणून नाव गाळणाऱ्याची होत नाही. हक्क संपलेल्या मजकुराचेही कर्तृत्व संपत नाही. याचे उदाहरण आपल्या शेजारीच घडले. माते महादेवी यांनी बसवण्णांच्या वचनांच्या संपादनात ‘कूडलसंगमदेव’ या अंकिताच्या जागी ‘लिंगदेव’ असे घातले. १९९८ साली कर्नाटक शासनाने तो ग्रंथ बंद केला व २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम राखली. बंदीचे कारण धार्मिक भावनांचे होते. आठशे वर्षांपूर्वीच्या वचनांवर प्रताधिकार असणार तरी कसा? ग्रंथबंदी हा उपाय आम्हांस रुचत नाही. तरीही एका शब्दाच्या बदलाने माणसे इतकी का दुखावली, हे समजून घेण्यासारखे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. साठ टक्क्यांच्या वर गेल्यास संशोधकाची नोंदणीच रद्द. नियम नसण्यापेक्षा हे बरे. परंतु टक्केवारी शब्द मोजते, ऋण मोजत नाही. द्विभाषिक प्रदेशात तर तिची मर्यादा फारच उघड आहे. एखाद्या कन्नड अभ्यासकाचा लेख मराठीत उतरवून आपल्या नावे प्रबंधात घातला, तर शब्दाला शब्द जुळवणाऱ्या यंत्रास साम्य कोठून दिसणार? कायद्याने अनुवादाचा हक्क मूळ लेखकाचाच आहे. दोन्ही भाषा येणे हे आपले पिढीजात धन. तेच अशा कामी लावणे आम्हांस उघड चोरीहून हीन वाटते, कारण येथे पकडणाराही बहुधा आपल्यातलाच असावा लागतो.

आणखी एक बाब आपल्या घरांशी निगडित आहे. कुलकर्णी-देशपांड्यांच्या जुन्या वाड्यांतून मोडी कागदांची दप्तरे आहेत. संशोधक येतात, छायाचित्रे घेतात. कागद ज्याच्या घरी, तो मजकुराचा धनी ठरतोच असे नाही, हे आपण समजून घ्यावे आणि दप्तर अडवून बसू नये. उलट बाजूने, ज्या वृद्धाने चार दुपारी बसून ते मोडी वाचून दिले, त्याचे नाव प्रबंधात कोठे असावे हे कोणताही नियम सांगत नाही. ऋणनिर्देशाच्या पानावरील नामावळीत ते घालून मोकळे होण्याची रीत पडली आहे. ते ज्या कागदाचे वाचन त्याचे, त्या कागदाच्या टिपेतच यावे, असे आमचे मत आहे. आणि दप्तर उघडून देण्यापूर्वीच तसे सांगून ठेवण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.