रोग पेरताना

श्रावणात झड लागली अन् चार दिवस ऊन दिसलं नाही, की आमच्या इस्लापूरच्या शिवारात सोयाबीनच्या शेंड्यांना मेलेल्या अळ्या चिकटलेल्या दिसतात. चुना फासल्यागत पांढऱ्या, ताठ. जुनी माणसं म्हणायची, "अळीवर रोग आला." तो रोग म्हणजे बुरशी. तिचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो अन् आत शिरतो. अळीचं खाणं सुटतं, आठवडाभरात ती मरते.

असा रोग आता पुडीत मिळतो. तांदळावर बुरशी वाढवायची अन् तिचे बीजाणू शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळायचे. कुठं बिव्हेरिया, कुठं मेटारायझियम. परभणीच्या कृषी विद्यापीठातही अशी औषधं तयार होतात.

आमच्या शेजारचे काका पुडी बघून म्हणाले, "बाबा, एका दमात मारणं बरं, का आठ दिवस झिजवून मारणं?" हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. 'जैविक' म्हटलं की आपल्याला पुण्य केल्यागत वाटतं. पण मारणं ते मारणंच. आठ दिवसांचं मरण आपल्याच खात्यावर लिहावं लागेल.

मग फरक कशात? पैनगंगेपलीकडं यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कापसावर विषारी औषध फवारताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-मजुरांचे जीव गेले. अळी झटक्यात मरावी, याची किंमत पाठीवर पंप असलेल्या माणसानं भरली. पुडीची किंमत बरीचशी मालकाला भरावी लागते. पुडी उन्हात ठेवायची नाही, बुरशीनाशकात मिसळायची नाही, ओल बघून दिवस कलल्यावर फवारायचं. मग पानांना भोकं पडताना बघत आठवडाभर दम धरायचा. हा दम धरवत नाही, म्हणून तर लई जण परत जहराकडंच वळतात.

तरीही हात स्वच्छ राहत नाहीत. इटलीतल्या आगोस्तिनो बास्सीनं 1835 साली ही बुरशी दाखवून दिली ती रेशीमकिड्यांच्या रोगात. बिव्हेरिया बासियाना हे नाव त्याच्यावरूनच पडलं. म्हणजे बांधापलीकडं कुणी तुती लावून रेशीमकिडे पाळले असतील, तर आपलं औषध ही त्याच्या घरची साथ ठरू शकते. बुरशीला बांध कळत नाही, आपल्याला कळतो.

म्हणून काकांना माझं उत्तर एवढंच, की पोटासाठी मारावं लागतं, ते नाकारू नये. पण त्याची झळ आणखी कुणाला लागणार, हे आधी बघावं. अन् पंप भरण्याआधी शेजाऱ्याला हाक मारावी.