मानचिन्ह आणि ताट

आमच्या कचेरीतील कागदांच्या माथ्यावर सारनाथची सिंहमुद्रा असते. २६ जानेवारी १९५० पासून ती राष्ट्राची मुद्रा आहे. सिंहाला कोणी खात नाही. म्हणून या मुद्रेने आम्हांस कधी नैतिक पेचात टाकले नाही. अमेरिकेतील काही विद्यापीठांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथील क्रीडासंघांनी ज्या पक्ष्यांस आपले मानचिन्ह केले, ते त्या देशात आवडीने खाल्लेही जातात.

साउथ कॅरोलायना विद्यापीठाचे खेळाडू झुंजीच्या कोंबड्याचे नाव मिरवतात; डेलावेअरचे निळ्या कोंबडीचे. ओरेगॉनच्या संघाने १९४७ साली वॉल्ट डिस्ने यांच्याशी केवळ हस्तांदोलनावर करार करून डोनाल्ड बदकाचे रूप घेतले. व्हर्जिनिया टेकच्या मैदानावर टर्कीचे सोंग घेतलेला विद्यार्थी नाचतो, प्रेक्षक त्याचा जयघोष करतात. आणि तेथेच टर्कीच्या धुरावलेल्या तंगड्या विकल्या जातात.

यास दांभिकपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु आमच्याही घरी रविवारी कोंबडी शिजते. तेव्हा हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. शिवाय तो दांभिकपणा आहे असेही आम्हांस वाटत नाही. चिन्ह निवडताना मनुष्य पक्ष्याचा एखादा गुण उचलतो, जसे कोंबड्याचे झुंजारपण, आणि पक्षी तेथेच सोडून देतो. मान मिळतो तो आपल्या अंगी असावासा वाटणाऱ्या गुणाला. मैदानावरचा टर्की उड्या मारतो. पण तेथील कुक्कुटशाळांत छातीच्या मांसासाठी जो टर्की पैदा केला जातो, तो इतका जड असतो की त्यास उडताही येत नाही. जयघोष त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

मग प्रश्न उरतो तो असा: ज्या मानामुळे मान देणाऱ्यावर कसलेच बंधन येत नाही, त्यास मान म्हणावे काय?

येथे आम्हांस पुन्हा त्या सिंहमुद्रेच्या धन्याची, अशोकाची, आठवण होते. मौर्य या नावाचा संबंध परंपरा मोराशी जोडते. आणि मोर तर राजाच्या पाकशाळेत शिजत असे! आपल्या पहिल्या शिलालेखात अशोक सांगतो, की पूर्वी तेथे रोज लक्षावधी जीव मारले जात. आता दोन मोर व एक हरिण, तेही हरिण नेहमी नव्हे. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. प्रतिज्ञा करून तो थांबला नाही. प्रतिज्ञा अद्याप अपुरी आहे, हेही त्याने आकड्यानिशी दगडावर कोरविले.

आम्हां कारकुनांस बाकी लिहून ठेवण्याचे मोल ठाऊक असते. लिहिल्याने बाकी फिटत नाही, हे खरे; परंतु न लिहिलेली बाकी फेडण्यास कोणी येत नाही. त्या मैदानांवर आणि आमच्या रविवारच्या स्वयंपाकघरात उणीव आहे ती या नोंदीची.