‘नैसर्गिक’ मृत्यू

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग देशातील कारागृहांचा सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध करीत असतो. २०२१ च्या अहवालानुसार त्या वर्षी २,११६ बंदिवान मरण पावले. त्यांपैकी १,८७९ मृत्यू ‘नैसर्गिक’ म्हणून नोंदले गेले आहेत. आजार आणि वार्धक्य या दोहोंना हा एकच शब्द आहे. आकडे खोटे आहेत, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न त्या शब्दाविषयी आहे.

मोकळा माणूस आजारी पडला तर दवाखान्याची वाट धरतो. गुण आला नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. बंदिवानाला हे शक्य नसते. त्याचे अन्न, पाणी, अंथरूण, औषधाची गोळी, सारे शासनाच्या हाती असते. उपचारांअभावी त्याचा आजार बळावला, तर त्या मृत्यूला नैसर्गिक म्हणावे काय? अहवालात हृदयविकार, क्षय अशी रोगांची नावे आहेत. परंतु रोग्याने पहिली तक्रार केव्हा केली, डॉक्टर केव्हा आले, रुग्णालयात केव्हा हलविले, यांसाठी रकाना नाही. शिवाय ही माहिती कारागृह खात्यांकडूनच येते. ज्याने हिशेब द्यायचा, तोच वही लिहितो.

येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांचे येथे स्मरण होते. कंपवाताने ग्रासलेल्या या ८४ वर्षांच्या धर्मगुरूंना उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मे २०२१ च्या अखेरीस तळोजा कारागृहातून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात आणले गेले. ५ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. तोवर खटला उभाही राहिला नव्हता. त्या वर्षअखेरीस देशातील दर चार बंदिवानांपैकी तिघांहून अधिक असेच कच्चे कैदी होते.

‘गुन्हेगारांची एवढी चिंता कशाला?’ असे कोणी विचारील. न्यायालय शिक्षा देते ती स्वातंत्र्य हिरावण्याची, आरोग्य हिरावण्याची नव्हे. आणि कच्च्या कैद्याला तर तीही झालेली नसते.

आठवी आज्ञा खोटी साक्ष निषिद्ध मानते. खरा आकडासुद्धा जबाबदारी झाकू लागला, की तो खोट्या साक्षीच्या उंबरठ्यावर उभा राहतो. अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू आजारी आणि बंदिवान यांच्याविषयी एकाच दमात विचारणार आहे. म्हणून कारागृहभेटीस जाणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी प्रार्थनेबरोबर एवढे अवश्य विचारावे : औषध वेळेवर मिळते का? डॉक्टर शेवटचे केव्हा आले होते?